समोर नसलेल्या उघड्या फायली

वैशाख आला की चाकणच्या रस्त्याला दोन वास एकत्र येतात. एक बाजार समितीकडे निघालेल्या ट्रकांमधल्या कांद्याचा, दुसरा कंपन्यांच्या मागच्या भिंतींवरून येणाऱ्या तापल्या ऑइलचा. याला सुगंध म्हणण्याइतकी मी अजून बिघडलेले नाही. पण परवा मोशीच्या पुढे सिग्नलला थांबले, हा वास नाकात शिरला आणि डाव्या हाताची करंगळी आपोआप वर उचलली गेली. ती की-बोर्डवरचं एस्केपचं बटण शोधत होती. हाताखाली स्कूटरचं हँडल होतं. मागचा रिक्षावाला हॉर्न दाबून म्हणाला, ‘‘ताई, हिरवा झालाय. पुढच्या वर्षी निघायचं का?’’

निघाले. पण मन गेल्या वर्षीच्या वैशाखात जाऊन बसलं ते बसलंच.

त्या दिवसांत आम्ही संगीताताईचं काम परत मिळवायच्या मागे होतो. संगीताताई मूळची लातूरकडची. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या एका कंपनीत कंत्राटी कामाला. वर पत्रा, मध्ये सरकता पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही अंगांना दिवसभर उभ्या बायका. एका दुपारी ती पट्ट्याशीच कोसळली. तिला उचलून भिंतीला टेकवलं, आणि दुसऱ्या दिवशी कंत्राटदारानं गेटवरूनच परत पाठवलं. ‘अशक्त आहेस, घरी आराम कर.’ किती दिवस, ते काही सांगितलं नाही. अशी दयाळू माणसं आमच्या भागात गल्लोगल्ली भेटतात. आम्ही कामगार कार्यालयात तक्रार घातली, तारीख मिळाली. तिच्याआधी त्याच शेडमध्ये कोसळलेल्या इतर बायकांचे जबाब तोवर गोळा करायचे होते.

आम्ही म्हणजे भोसरीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानावरची, कामगारांच्या तक्रारी लढवणारी खोली. खाली ठिणग्या, वर आम्ही. खोलीचे कर्ते दत्तूकाका. भोसरीच्या जुन्या घरातले, पिंपरीतल्या एका कारखान्यात जन्मभर फिटर, आता निवृत्त. पत्रक कसं लिहायचं ते मला त्यांनी शिकवलं. ‘‘एक कागद, एक मागणी. आन् पयल्याच वळीत कानफाट,’’ हा त्यांचा धडा. मी तो इतका गिरवला की आईला गॅस संपल्याची चिठ्ठी लिहिली तरी ती जाहीर निषेधासारखी वाचली जायची.

जबाब लिहायला लॅपटॉप मिळाला तन्वीकडून. तन्वी चिपळूणची, हिंजवडीत नोकरी, मारुंजीला चौघी मैत्रिणींत भाड्यानं राहते. तिच्या जुन्या लॅपटॉपचा टचपॅड मेला होता, आणि माऊस लावला की त्याचंही काही तासांत तसंच व्हायचं. ‘‘फक्त की-बोर्ड जिवंत आहे. पण काळजी नको, मी तुला लिहायला असा एडिटर देते की माऊसची आठवण येणार नाही,’’ ती म्हणाली. मी विचारलं, ‘‘सोपा आहे ना?’’ ती नुसती हसली आणि घावणे उलटायला आत गेली.

सोपा कसला! पहिल्या दिवशी मला त्यातून बाहेरच पडता येईना. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना वर मेनू ना बाजूला खुणा. टाइप करायला गेले तर अक्षर उमटेना, कारण मी हुकमाच्या अवस्थेत होते. हुकूम द्यायला गेले तर तो मजकुरात छापला जाई, कारण आता मी लिहायच्या अवस्थेत होते. त्यात मराठीचं वेगळंच लचांड. कळफलक मराठी ठेवून हुकूम सोडला की त्याला ओ की ठो कळत नसे. मजकूर मराठीत, हुकूम इंग्रजीत. प्रत्येक वळणाला कळफलक बदला. मी वैतागून म्हणाले, ‘‘अगदी आपल्या कंपन्यांसारखंच आहे हे. काम मराठी माणसांनी करायचं आणि ऑर्डर सुटणार इंग्रजीत.’’

‘‘अगो, एडिटरविरुद्ध पत्रक काढ आता,’’ तन्वी म्हणाली. ‘‘पण आधी सेव्ह कर.’’

मी शिकले ते रागानं. आणि रागानं शिकता शिकता कधी कुतूहल जागं झालं, कळलं नाही. अजूनही मला ते नीट सांगता येत नाही की नुसत्या बटणांच्या शिस्तीत असं काय होतं. एक गोष्ट मात्र पक्की आठवते. तन्वीनं पाच-सहा फायली उघडल्या आणि पडद्यावर एकच दिसत होती. मी म्हटलं, ‘‘बाकीच्या बंद झाल्या?’’

‘‘नाही. उघड्या आहेत. समोर नाहीत एवढंच.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे तू आत्ता माझ्याशी बोलतेयस. खोलीत तुझे काका वाट बघतायत, ते काय मेलेत का? आहेत की. नाव घे, समोर येतील.’’

आणि खरंच, नावातली दोन-तीन अक्षरं लिहिली की ती फाइल समोर यायची. यादी मागितली तर यादी. कोणती आत्ता समोर आहे, कोणती तिच्या आधी होती, कोणतीत बदल करून जतन करायचा राहिलाय, त्या नावापुढे अधिकचं चिन्ह. एका फाइलीतून दुसरीत जायचं आणि एकच कळ दाबून लगेच मागच्या फाइलीत त्याच ओळीवर परत यायचं. जशी तुम्ही ती सोडली होती, तशीच ती थांबलेली. मला या थांबण्याचं फार नवल वाटायचं. आमच्याकडे कशासाठी काही थांबत नाही. बस थांबत नाही, टँकर थांबत नाही, पट्टा तर नाहीच.

मग मी जिकडे तिकडे हेच बघत सुटले. पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका लिफ्टमधून वर जाताना पुटपुटतात: ‘नऊशेदोनमध्ये बाळ झोपलंय, बेल नको; अकराशेएकची किल्ली शेजारी.’ कॅन्टीनचा आचारी एका चुलीवर भात, दुसऱ्यावर आमटी, आणि तिसरी कढई डोळ्यांआड तापत ठेवून बोलत राहतो तुमच्याशीच. यांच्या डोक्यात किती काय उघडं असतं एका वेळी! त्यांना कुणी शिकवलं असेल एकातून दुसऱ्यात जायला, आणि काही हरवलं तर ते कुठे शोधत असतील? पत्रकात मी या माणसांना ‘कष्टकरी जनता’ लिहायचे. एका शब्दात सगळी बसायची. तेव्हा ते सोयीचं होतं.

जबाब घ्यायला मी खोल्याखोल्यांतून फिरले. एका बाईची एक फाइल. दुपारी पत्रा इतका तापायचा की वरून कुणी चालतंय असे कडकड आवाज यायचे. बायका बोलायच्या त्या सरळ रेषेत कधीच नाही. कोसळल्याचं सांगता सांगता सासूचा गुडघा, गावाकडची बोअर, मग पुन्हा पट्टा. आधी मी त्यांना अडवायचे, ‘ताई, मुद्द्यावर या.’ या एडिटरची सवय लागल्यावर अडवायचं सोडलं. जाऊ दे त्यांना सासूकडे. परत येतील त्या, सोडलं त्याच ओळीवर. आणि यायच्या.

खोलीत परतून मी काकांना वाचून दाखवलं. काका भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘ह्ये काय चाललंय? एकीला घेरी आली, एकीच्या डोळ्यांफुडं अंधारी, तिसरीला गरगारलं, चौथीचे हातपाय गळाले. सायबाला वाटंल किरकोळ हाय समदं. कुणाला बी उन्हात घेरी येती.’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘बेशुद्ध पडले. समद्यांना येकच. शब्द कसा वजनदार पायजे.’’

मला पटलं. का पटणार नाही? माझं सगळं शिक्षण तेच होतं. तन्वीला फोन केला, तिनं हुकूम सांगितला: उघड्या असतील तेवढ्या सगळ्या फायलींत जा, हा शब्दगट सापडेल तिथे तो काढ, हा घाल, आणि जतन कर. मी लिहिला, एंटर दाबलं. पडद्यावरून फायली भराभर सरकल्या, एखादा माणूस पत्ते पिसतो तशा. घेरी गेली. अंधारी गेली. गरगरणं गेलं, गळालेले हातपाय गेले. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या बायका बेशुद्ध.

‘‘व्वा,’’ काका म्हणाले, ‘‘ह्याला म्हंत्यात मशिन.’’

त्यानंतर मी दोन-तीन जबाबांत आणखी थोडी भर घातली. कुणाचं गाव राहिलं होतं, कुणाची शिफ्ट.

आता काकांच्या खोलीचा एक जुना रिवाज आहे. ज्याचा कागद, त्याला तो मोठ्यानं पूर्ण वाचून दाखवायचा, आणि मगच सही घ्यायची. वाचता येत असलं तरी. पदवीधर असला तरी. काकांना विचारलं तर म्हणतात, ‘‘डोळं फशिवत्यात, कान न्हाई फशिवत.’’ पुढच्या रविवारी सकाळी संगीताताई आली. धाकटीला कडेवर घेऊन, तोंडानं अखंड चालू. ‘‘काय बाई हे तुमचं जिन्याचं! लोखंड तापलंय नुसतं. चटके बसले की माझ्या पायाला. पंखा तरी लावा, का तुम्ही बी कंत्राटीच?’’

मी वाचायला लागले. नाव, गाव, काम. मग: ‘‘दुपारच्या जेवणानंतर पट्ट्याजवळ काम करत असताना मी बेशुद्ध पडले.’’

‘‘कोण?’’ संगीताताई म्हणाली.

‘‘तुम्ही.’’

‘‘मी कशाला बेशुद्ध पडू? अंधारी आली म्हणलं होतं म्या. डोळ्याफुडं. बेशुद्ध म्हंजी मेल्यागत माणूस असतंय.’’

काकांनी समजूत घातली, ‘‘अगं, कागदाला वजन यावं म्हनून लिवलंय. तुज्याच भल्यासाठी.’’

‘‘कंत्राटदार बी हेच म्हणलाय, माझ्याच भल्यासाठी.’’ मुलीला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं. ‘‘फुडं वाच की गं ताई. फुडं काय लिवलंय?’’

मी पुढे वाचलं, आणि वाचता वाचताच माझा आवाज खाली यायला लागला. पुढे लिहिलं होतं, तिच्याच शब्दांत: ‘‘मी पडलेली असताना सुपरवायझर म्हणाला, हिला बाजूला सरकवा, लाइन थांबवायची नाही. पट्टा थांबवायच्या लाल बटणापाशी तोच उभा होता.’’

खाली वेल्डिंग चालू होतं.

‘‘बेशुद्ध असते तर ते ऐकलं कुणी?’’ संगीताताईनं विचारलं. ‘‘तुमच्या काकानं?’’

काकांनी कपाळावर हात मारला. ‘‘आयला! पोरी, फिरव, फिरव माघारी. त्यो कंपनीचा मानूस ह्येच पयलं इचारनार. ही बेशुद्ध, मंग हिला आवाज कसा आला? संपली केस.’’

काम परत मिळायचं होतं ते त्या एका वाक्यावर. ती अशक्त होती की पट्टा थांबवला नाही, भांडण एवढंच होतं. आणि आम्ही दोघांनी मिळून, तिच्या बाजूने, तिचे कान बंद करून टाकले होते. बड्या वकिलाला जमलं नसतं ते.

मागे फिरवायला एक अक्षर पुरतं, ‘यू’. पण त्या एडिटरमध्ये प्रत्येक फाइल आपली मागची पावलं आपल्यापाशी ठेवते. सगळ्यांना एकदम मागे ने असा हुकूम आहे, पण मी मध्ये भर घातली होती. जिथे भर होती तिथे एक पाऊल मागे गेलं की भर पुसली जाणार आणि ‘बेशुद्ध’ तसंच राहणार. म्हणजे एकेकीकडे जाणं आलं. बिघडवायला सगळ्या एका दमात, नीट करायला मात्र एकेक. तन्वी फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होती, ‘‘एडिटर बंद करू नकोस हां. बंद केलास तर मागची पावलं गेली.’’ मी लॅपटॉपचा चार्जर दोन्ही हातांनी धरून बसले होते म्हटलं तरी चालेल.

फायली उघडत गेले. प्रत्येकीत ‘बेशुद्ध’ जाऊन तिचा शब्द परत येत होता. आणि तेव्हा मी पहिल्यांदा ते शब्द वाचले. लिहून घेतले होते मीच. पण वाचले तेव्हा. अंधारी डोळ्यांना येते. घेरी डोक्यात येते. गरगरतं ते आपण की शेड? हातपाय गळतात ते गुडघ्यापासून की बोटांपासून? मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मग सह्यांसाठी पुन्हा फिरताना मी विचारायला लागले, की नक्की काय होतं, आधी काय जातं? बायकांना आधी हसू आलं. ‘‘डाक्टर झाली का गं?’’ मग त्या सांगायला लागल्या. मुळशीकडची एक म्हणाली, ‘‘नजर जाती आदी. मंग जिभंवर लोखंडाची चव. ऐकू येतं, पन बोलाया न्हाई येत.’’ रत्नागिरीची एक म्हणाली, कानात भुंगा शिरल्यासारखं होतं आणि त्या भुंग्याच्याही मागून पट्टा ऐकू येतो. एकीनं नुसतं हातानं दाखवलं, तळवा हवेत सरळ सरकवत नेला. म्हणजे काय, विचारलं. ‘‘पट्टा. मी खाली, तो वर चालूच.’’

सगळं त्या त्या फाइलीत लिहिलं. मग सहज, काय येतं बघू म्हणून, सगळ्या फायलींत ‘पट्टा’ शोधायचा हुकूम दिला. या एडिटरमध्ये शोध घेतला की सापडलेल्या जागांची रांग तयार होते आणि तुम्ही एकीवरून पुढचीवर उडी मारत जाता. मी उड्या मारत गेले. प्रत्येक फाइलीत पडल्यानंतरच्या ओळीत तेच: पट्टा चालू होता. संगीताताई सोडली तर कुणी ‘लाइन’ म्हणाली नव्हती, कुणी सुपरवायझरचं वाक्य ऐकलं नव्हतं, शब्द सगळ्यांचे वेगळे, आणि पट्टा मात्र सगळ्यांनी ऐकलेला. जमिनीवर पडून. खोलीत त्या संध्याकाळी भिंतसुद्धा तापलेली होती आणि माझ्या अंगावर काटा आला.

तारखेच्या दिवशी संगीताताई इस्त्रीची साडी नेसून आली होती. कंपनीकडून आलेला माणूस गोड बोलणारा. ‘‘आम्हाला बाईंविषयी सहानुभूतीच आहे, सर. भोवळ आलेल्या माणसाला काय आठवणार? कुणीतरी नंतर सांगितलं असेल.’’

‘‘डोळे मिटले होते, साहेब,’’ संगीताताई म्हणाली. ‘‘कान नाय मिटत. मिटून दाखवा बरं तुमी.’’

सुनावणी घेणाऱ्या साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकून लपवलं. मग इतरांनी काय ऐकलं ते विचारलं. मी लॅपटॉप उघडला आणि सह्या केलेल्या कागदांची चळत पुढे ठेवून नावानं एकेक जबाब समोर आणत गेले. मुळशी, रत्नागिरी, परत लातूर. साहेब वाकून बघत होते. ‘‘माऊस कुठाय तुमचा?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘मग हे हलतंय कशानं?’’

काका मागून पुटपुटले, ‘‘रागानं.’’

साहेबांनी प्रत्येक जबाब शेवटपर्यंत वाचला, घाई न करता. मग कंपनीच्या माणसाला विचारलं, की यांनी तर ठरवून लिहिलेलं दिसत नाही, प्रत्येकीचं पडणं वेगळं आहे. मग पट्टा सगळ्यांचा एकच कसा? आणि ते लाल बटण नेमकं कुणासाठी आहे? त्या माणसानं फाइल चाळली. त्याच्या फाइलीत ते नव्हतं.

संगीताताईला कामावर घेतलं. बटण कुणीही दाबू शकेल असं लिहून दिलं. शेडच्या छताबद्दल ‘विचार करू’ असं लिहून दिलं, म्हणजे काही नाही. आम्ही गुलाल वगैरे उधळला नाही. कागदावर लिहून दिलेलं बटण आणि हाताखालचं बटण यांत फरक असतो, एवढं आमच्या भागातलं लहान पोरही जाणतं. दाबलं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर पुन्हा दया आली तर? वर्षभर कुणी दाबलं नाही. बायका सांगायच्या, ‘‘हाय ना बटण. हाय की.’’ देवाची मूर्ती असते तसं.

परवा सिग्नलवरून घरी आले आणि संध्याकाळी संगीताताईचा फोन आला. मागे बसस्टॉपचा गलका.

‘‘ताई, आज दाबलं.’’

‘‘काय?’’

‘‘बटण गं! शेजारची पोरगी पांढरीफटक पडली, हात सुटले तिचे. म्या दाबलं. लाइन थांबली.’’

‘‘सुपरवायझर?’’

‘‘आला पळत. म्या म्हणलं, लिवून दिलंय तुमी. गेला. पोरीला पाणी दिलं, बसवलं, मग चालू.’’ मग म्हणाली, ‘‘ताई, एक सांगू? पट्टा थांबला ना, तर वरनं आवाज यायला लागला. खर्र खर्र. सगळ्या वर बघाया लागलो. पत्र्याला पंखा हाय तिथं. फिरतोय. कवापासनं हाय कुणास ठाऊक. आजवर कुणी ऐकलाच नव्हता.’’